सेमिनारला ॲक्वापोरिन घेतलायस तर हे वाच

अरे भावा, नांदेडच्या सेमिनारला ॲक्वापोरिन-४ (पेशीतून पाणी ये-जा करू देणारं प्रोटीन) आणि मॉर्फिन हा टॉपिक घेतलास ते भारीच, पण ॲक्वापोरिन शोधणाऱ्या पीटर आग्रे यांचं २००३ चं नोबेल सांगण्यात अर्धा वेळ घालू नको, एक स्लाइड बास.

खरी गंमत पुढंय. हे प्रोटीन न्यूरॉनमध्ये नसतंय, ॲस्ट्रोसाइटमध्ये, म्हणजे न्यूरॉनला सांभाळणाऱ्या मेंदूतल्या पेशींत असतंय, त्यातही रक्तवाहिनीला चिकटलेल्या त्यांच्या पायांवर दाटीनं. सर हमखास इथंच पकडतेत. म्हणून आधीच सांगून टाक की व्यसनात नुसतं डोपामिन नाही, सायनॅप्समधलं (दोन न्यूरॉनच्या सांध्यातलं) ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन कोण उचलतंय हेबी बघावं लागतं, अन् ते काम ॲस्ट्रोसाइटवरचा जीएलटी-१ (ग्लुटामेट आत ओढणारं प्रोटीन) करतो.

ॲक्वापोरिन-४ चा जीनच काढलेल्या उंदरांना मॉर्फिनची सवय लावून नॅलोक्सोन (मॉर्फिनचा असर तोडणारं औषध) टोचलं, तर विड्रॉवलची (नशा तुटल्यावरच्या त्रासाची) लक्षणं साध्या उंदरांपेक्षा कमी दिसली, आणि त्यांच्यात जीएलटी-१ टिकून राहतो असा त्याचा अर्थ लावलाय. आता लक्षणं मोजतेत कशी? उंदीर काचेच्या उंच भांड्यात ठेवायचा आणि उड्या मोजत बसायचं, पंजे थरथरणं, अंग झटकणं पण लिहायचं. दिसायला सोपंय, डोळे जातेत राव.

अन् उड्या कमी झाल्या म्हणजे व्यसन सुटलं असं चुकूनबी बोलू नको. शरीराला लागलेली सवय वेगळी, ओढ वेगळी, ओढीसाठी दोन खोल्यांच्या डब्याची टेस्ट असते, सीपीपी (कंडिशन्ड प्लेस प्रेफरन्स) म्हणतेत, मॉर्फिन मिळालेल्या खोलीत उंदीर जास्त थांबतो का ते बघायचं, ती नीट वाचून ये. उद्या कॉलेजात हे करायचं म्हणलास तर एथिक्स कमिटीबरोबर मॉर्फिनच्या लायसनचे कागदबी लागतेत, तेवढं आधी बघ.