शर्यतीतून निवृत्त ग्रेहाउंड फ्लॅटमध्ये आणताना

प्रश्न: शर्यतीतला चार वर्षांचा ग्रेहाउंड दत्तक घेतलाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिना दिसला की बसकण मारतो. (मुलुंड)

मारणारच. पिंजरा, गाडी आणि ट्रॅक यांपलीकडे त्याने फारसं काही पाहिलेलं नसतं. शिकवायला दोघं लागतात. हार्नेस घाला, एकाने पुढून तो धरायचा, दुसऱ्याने मागून एकेक पंजा उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचा. सुरुवात वरच्या शेवटच्या तीन पायऱ्यांपासून करा, लगेच सपाट जागा मिळते. उतरणं जास्त अवघड: घाबरला की मधूनच उडी टाकतो आणि पाय मोडून घेतो. म्हणून उतरायला तळाच्या दोन पायऱ्यांपासून शिकवा. तोवर उचलूनच न्या, एक हात छातीपुढे, दुसरा मांड्यांमागे. घरात गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट अंथरा. बाल्कनीच्या काचेवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला रंगीत टेप लावा, नाहीतर थेट धडकेल.

प्रश्न: सोसायटीतले म्हणतात, कुत्र्याला उपाशी ठेवलंय. (दादर)

म्हणू द्या. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसणं या जातीत चांगलंच. मणके टोचायला लागले तर मात्र खाणं वाढवा. शर्यतीच्या वजनावर दोन-तीन किलो चढले की पुरे.

खाऊनही अंग धरत नसेल तर शी तपासा. हूकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळ्या शरीरात दडून राहतात आणि औषधानंतर पुन्हा आतड्यात येतात. एका डोसात भागत नाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो वा गल्लीतला दवाखाना, रक्त तपासायला देताना ‘ग्रेहाउंड आहे’ हे सांगाच. यांचं पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५५ ते ६५ टक्के असू शकतं आणि थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक मुळातच कमी; उगाच गोळ्या सुरू होतात. प्लेटलेटही जातीनेच कमी, पण मुंबईत तेवढ्यावर सोडू नका: गोचीडतापाची, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसियाची चाचणी करून घ्या. भूल द्यायची वेळ आली तर थायोपेंटल नको. ते यांच्या शरीरातून फार हळू उतरतं.

प्रश्न: झोपेत हात लावला की गुरगुरतो. घरात लहान मूल आहे. (ठाणे)

काही ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे जागा वाटतो. आधी लांबून हाक मारा, उठला की मगच हात लावा. त्याच्या गादीवर मुलाने जायचं नाही, आणि दोघांना एकटं सोडायचं नाही.

प्रश्न: आरेत मोकळा सोडला तर चालेल? (गोरेगाव)

नाही. मांजर दिसलं की ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने सुटतो, हाक ऐकूच येत नाही. साधा पट्टाही नको. मान डोक्यापेक्षा जाड, सहज निसटतो. ओढला की थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, आणि मांजरांच्या सोसायटीत जाळीचं मुसकं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील. मे महिन्यात सकाळी सातच्या आत किंवा रात्री नऊनंतरच फिरवा. दमट हवेत धापा टाकूनही अंग थंड होत नाही. पावसाळ्याआधी लेप्टोची लस द्या. धावल्यावर मागचे पाय ताठरले, लघवी तांबूस झाली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येतोय असं समजा: नळाच्या पाण्याने भिजवा, पंख्याखाली धरा आणि लगेच दवाखाना गाठा.