फटी बुजवायची घाई करू नको

प्रिय पोरी,

आबाजींची मोटरबोट नदीकाठावरून उचलून गोठ्यात आणली, हे तुझ्या बाबांकडून कळलं. फोटो पाहिले. फळ्यांमधून उजेड दिसतो, म्हणून वरून फायबर चढवायचा विचार चाललाय म्हणे. तेवढं करू नका. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजतं.

त्या फटी उन्हाने पडल्यात. वैनगंगेच्या काठी मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो, तिथे सागाची फळीसुद्धा आकसते. लाकूड लांबीला फारसं हलत नाही; रुंदीला मात्र ओल लागली की फुगतं, सुकलं की आटतं. तुमच्या बोटीच्या फळ्या कडेला कड लावून बसवल्यात. पाण्यात गेल्यावर त्या फुगून एकमेकींना दाबतात आणि त्या दाबानेच गळती थांबते. आज दिसणारी फट एम-सीलने गच्च भरली, तर फुगायला जागा कुठून येणार? मग फळी खिळे उपटते, नाहीतर आतल्या फासळ्या मोडते.

त्या सांध्यात लागतो कापूस आणि जवसाच्या तेलात मळलेली खडूच्या पुडीची लांबी, म्हणजे पुट्टी. ती लगेच कडक होत नाही, फळीने दाबलं की दबते. कापूस आणि जवस आपल्याच वावरातले आहेत, दुकान शोधत नागपूरला जायला नको. वाती वळायचं काम आजीकडे दे. फक्त देवापुढच्या वातीसारखी आखूड नको, लांबच लांब हवी. वात बोथट पटाशीने हलक्या हाताने बसवायची, ठोकून आरपार न्यायची नाही. तेलाच्या चिंध्यांचा ढीग मात्र गोठ्यात ठेवू नको. जवसाचं तेल वाळताना तापतं, त्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. बाहेर दोरीवर पसरून टाक.

त्याआधी टोचा घेऊन सगळी बोट तपास. तळापेक्षा वरचा भाग जास्त संशयाने बघ, कारण कायम पाण्याखाली असलेलं लाकूड सहसा टिकतं. कुजवतं ते पावसाचं साचलेलं पाणी. फासळ्या तळाला मिळतात ते कोपरे, मागची आडवी फळी, बाकाखालची जागा. टोचा लोण्यात गेल्यासारखा गेला, तर ती फळी बदलायची. एका वेळी एकच काढ, सगळ्या काढल्या तर बोटीचा आकारच हरवतो. जुनी फळी हाताशी ठेवून पुठ्ठ्यावर नमुना कापायचा. हे काम तुझ्या आईचं, ब्लाउज बेतणाऱ्या हाताला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

साग वनखात्याच्या डेपोतला घ्या. 2023 मध्ये बल्लारपूरचा साग अयोध्येच्या मंदिरासाठी गेला. आपल्याला तेवढा देखणा नको, पण गाभ्याचा हवा, पांढरी कड नको. खिळे तांब्याचे. पितळी स्क्रू चमकतात म्हणून भुलू नको, पाण्याखाली त्यातलं जस्त निघून जातं आणि ते ठिसूळ होतात. जुना रंग कोरडा घासू नको, त्यात शिसं असू शकतं. ओला करून घास, आणि धाकट्या भावाला तिथे फिरकू देऊ नको.

इंजिन बाबांवर सोड. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन त्यांनी विहिरीवर अनेकदा उघडलंय, नोझल आणि कॉम्प्रेशन त्यांना तोंडपाठ आहे. पंख्याचा दांडा बोटीतून बाहेर पडतो तिथली ग्लँड, म्हणजे पाणी अडवायला दोरी भरलेला सांधा, तोही पंपासारखाच असतो. दोरी फार आवळली तर दांडा झिजतो, म्हणून चालू असताना थोडे थेंब पडू द्यायचे. आणि इंजिनाच्या बोटीला 2021च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, तो कागद आतापासून हलवा.

पावसाळा संपला, नदीचं पाणी स्थिर झालं, की बोट गुडघाभर पाण्यात बांधून ठेवा. इंजिनाशिवाय. पहिल्या दिवशी भरपूर पाणी आत येईल आणि गावातले चार जण काठावर उभे राहून सल्ले देतील. उपसत राहा, नवीन काही भरू नका. दोनचार दिवसांत झिरपणं मंदावलं की इंजिन चढवा, आणि दांडा नि इंजिन एका रेषेत आणण्याचं काम बोट पाण्यात असतानाच करा. जमिनीवर जुळवलेली रेष पाण्यात टिकत नाही, बोटीच्या पोटाचा आकार थोडा बदलतो.

वाती वळून झाल्या की कळव, एखादा सांधा भरताना मी येतो.

तुझा,
काकाजी