हेझलनट चॉकलेट थंबप्रिंट कुकीज ओव्हनमध्ये पसरून सपाट होतात, गोव्याच्या उकाड्यात काय करावं?

पीठ गार करा, बाकी सगळं नंतर. आपल्याकडे मे महिन्यात लोणी ओट्यावरच वितळायला लागतं. 150 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी, 50 ग्रॅम पिठीसाखर, 50 ग्रॅम हेझलनटची भरड. गोळे करून अंगठ्याने खळगा पाडा आणि ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग 175 अंशांवर 12 मिनिटं, कडा जेमतेम बदामी होईपर्यंत. खळगा थोडा भरून येतोच. गरम असतानाच चमच्याच्या पाठीने पुन्हा दाबा. चॉकलेट मात्र कुकी पूर्ण निवल्यावरच भरा. हेझलनट महाग वाटले तर भाजलेले काजूगर घ्या, मला तेच जास्त आवडतात. पावसाळ्यात लगेच डबाबंद करा, तासाभरात मऊ पडतात.