झुकत्या भिंती आणि दोन उतारांचं कौलारू छप्पर रेव्हिटमध्ये जुळत का नाही?

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. गुहागरजवळ ९ बाय ६ मीटरचं होमस्टे. पश्चिमेची, म्हणजे समुद्राकडची ६ मीटरची भिंत आणि दक्षिणेची ९ मीटरची भिंत, दोन्ही १५ अंशांनी बाहेर झुकलेल्या. उत्तरेला पडवी. वर चौपाखी छप्पर, तीन बाजूंना ३० अंश उतार आणि पडवीकडे २२. घर रेव्हिट या इमारतींच्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलंय. तक्रारी चार: भिंत प्लॅनमध्ये जागा सोडते, आढं (छपराच्या माथ्याची आडवी रेघ) मधोमध येत नाही, वळचणीची पट्टी कोपऱ्यात वरखाली होते, आणि घरी स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तेच काढलं तर पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) एक नको असलेली तिरपी रेघ उमटते.

यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी भूमितीने अगदी बरोबर आहेत. सॉफ्टवेअर तुम्हाला खरं तेच दाखवतंय. चौथी मात्र हाताने टोकं ओढल्यामुळे झाली आहे, आणि सगळ्याची गोम तिथेच आहे.

तिरक्या पृष्ठभागाची कड कधी काढायची नसते. पाखं ठरवायचं, कड आपोआप मिळते. एक पाखं पक्कं व्हायला तीनच गोष्टी लागतात: तळाची आडवी रेघ, तिची उंची आणि उतार. शेजारच्या पाख्याचंही तेवढंच ठरवलं की दोन्ही एकमेकांना जिथे छेदतात ती हिप (कोपऱ्यातून वर जाणारी तिरपी कड) किंवा आढं. ती कुठे जाईल हे मग तुमच्या हातात उरत नाही. तुम्ही मात्र हिप मनाने ४५ अंशात आखलीत आणि टोक ओढून आढ्याला नेऊन लावलंत. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, चौथा बिंदू त्यावर पडेलच असं नाही. नाही पडला की स्केचअप पृष्ठभाग मोडून दोन त्रिकोण करतो. ती तिरपी रेघ म्हणजे तुमचं पाखं सपाट नसल्याची पावती आहे. रेघ लपवून काही होत नाही, रेंडर बरा दिसेल एवढंच.

आता भिंतींपासून सुरू करा, कारण छपराचं माप त्यांच्यावर अवलंबून आहे. रेव्हिट २०२१ पासून भिंतीच्या गुणधर्मांत क्रॉस-सेक्शन आहे. तिथे स्लँटेड निवडून उभ्यापासूनचा कोन द्यायचा. भलतीकडे झुकली तर कोनाचं चिन्ह बदला. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्याआधीची आवृत्ती असेल तर इन-प्लेस मास (ढोबळ घन आकार) करून त्याच्या पृष्ठभागावरून वॉल बाय फेस या आज्ञेने भिंत घ्या. मास बदललात की भिंत आपोआप बदलत नाही, ती निवडून अपडेट टू फेस करावं लागतं. २०२२ मध्ये टेपर्ड भिंतही आली, म्हणजे आपल्या गडग्यासारखी, खाली रुंद आणि वर निमुळती. तुम्हाला ती नको आहे.

प्लॅनमध्ये भिंत सरकलेली दिसते ती कट प्लेनमुळे, म्हणजे प्लॅन ज्या उंचीवर आडवा कापून दाखवतात त्या पातळीमुळे. मेट्रिक टेम्पलेटमध्ये प्लॅन सहसा १२०० मिमीवर कापलेला असतो. १५ अंशाला तेवढ्या उंचीवर भिंत १२०० × ०.२६८ म्हणजे सुमारे ३२२ मिमी बाहेर गेलेली असणारच. जाडीही २३० ऐवजी २३८ दिसेल, कारण काप आडवा आणि भिंत तिरकी. म्हणून झुकत्या भिंतीला प्लॅनमध्ये माप देताना ते तळाचं आहे की कापावरचं हे लिहा, नाहीतर गवंडी आखणीच चुकवेल.

आता तुमच्या ध्यानात न आलेली गोष्ट. ३ मीटर उंचीला १५ अंश म्हणजे भिंतीचा माथा ८०४ मिमी बाहेर. तुमची वळचण ७५० मिमी, आणि फाइल बघता ती तळाच्या रेषेपासून मोजलेली आहे. म्हणजे भिंतच छपराच्या बाहेर डोकावते! पावसाळ्याचे चार महिने सगळं पाणी त्या माथ्यावर. छपराची आखणी माथ्याच्या रेषेवरून करा. तसं केलंत की उत्तर-दक्षिण अंतर ६ मीटर राहत नाही, ते ६.८० होतं.

मग आढ्याचं गणित पाहा. पडवीकडून २२ अंश (चढ मीटरला ४०४ मिमी) आणि दक्षिणेकडून ३० अंश (चढ ५७७ मिमी). दोन्ही वॉल प्लेट (भिंतीच्या माथ्यावरच्या, वासे टेकतात त्या आडव्या पट्ट्या) एका पातळीत असतील तर पाखी जिथे सारख्या उंचीला पोचतात तिथे आढं. हिशेब केलात तर ते पडवीकडून ४.०० मीटरवर आणि दक्षिणेकडून २.८० मीटरवर येतं. मधोमध यायचं काही कारणच नाही. हिपचंही तसंच. वायव्येच्या कोपऱ्यात ती ४५ अंशात न जाता जास्त उताराच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला चिकटून जाते. पडवीच्या बाजूने १ मीटर आत आलात की पश्चिमेकडून ७० सेंटीमीटरच.

वळचणीच्या पट्टीचं कारणही हेच. ७५० मिमी बाहेर जाताना ३० अंशाचं पाखं ४३३ मिमी खाली येतं आणि २२ अंशाचं ३०३. फरक १३० मिमी. रेव्हिटच्या रूफ बाय फूटप्रिंट (तळाच्या रेषांवरून छप्पर काढायची आज्ञा) स्केचमध्ये अलाइन ईव्ह्ज नावाचं हत्यार यासाठीच आहे. ते प्लेटची उंची बदलून किंवा वळचण लांबवून पातळी जुळवतं. वळचण लांबवायची म्हटली तर पडवीकडे ती १०७२ मिमी करावी लागेल. खांब किंवा ब्रॅकेट न देता एवढी वळचण समुद्रकिनारी काढायला मी तयार होणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं-पत्र्यांची काय दशा झाली ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

माझा सल्ला वेगळाच आहे. चौपाखी छप्पर चारही बाजूंनी ३० अंशाचं ठेवा आणि पडवीचं पाखं स्वतंत्र रूफ म्हणून मुख्य वळचणीखालून सुरू करा. आढं मधे येतं, हिप ४५ अंशात जाते, पट्टी एका पातळीत राहते, सगळी कटकट मिटते. जुन्या घरांतून असं किती ठिकाणी सापडतं ते तुमच्याच वाडीत फिरून बघा. आणि पडवीलाही २२ अंशाला मंगलोरी कौल नको. वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या जोडातून वर चढतं. २५ च्या खाली मी जात नाही.

सारख्या उताराचं छप्पर झालं की स्केचअपमध्येही सोपं: माथ्याचा आयत काढा, छपराचा अर्धा छेद एका बाजूला उभा करा आणि फॉलो मी या हत्याराने तो आयताच्या कडेभोवती फिरवा. हिप बिनचूक येतात. झुकत्या भिंतींना बाजूचा समांतरभुज चौकोन काढून पुशपुल (पृष्ठभाग ओढून घन करणं), मग इंटरसेक्ट फेसेस (पृष्ठभाग छेदतात तिथे रेघा काढणं) आणि जादा तुकडे पुसून टाका. टोकं ओढायची नाहीत.

नैऋत्येचा कोपरा, जिथे दोन्ही झुकत्या भिंती मिळतात, त्याकडे जरा लक्ष द्या. प्लॅनमध्ये तो ९० अंशाचा दिसतो, पण तिथली कड उभ्यापासून १५ नाही, २०.८ अंश झुकते, आणि भिंतींच्या पृष्ठभागांमधला खरा कोन ९३.८ अंश आहे. तुम्ही बाहेरून फळ्या मारणार आहात, तेव्हा त्यांची टोकं ४५ ला कापलीत तर फट राहील. कोन मॉडेलमध्ये मोजा: कडेला काटकोनात छेद घ्या आणि तिथे वाचा. (भिंत चिऱ्याची करायचा विचार असेल तर सोडून द्या. जांभ्याचा चिरा बाहेर झुकून उभा राहत नाही. आरसीसी किंवा लोखंडी सांगाडा हवा.)

खिडक्या: स्लँटेड भिंतीतल्या खिडकीला ओरिएंटेशन हा पर्याय मिळतो, व्हर्टिकल किंवा स्लँटेड. तुम्हाला काच भिंतीच्या पृष्ठभागातच हवी आहे, म्हणून स्लँटेड. उभी ठेवलीत तर खाली चौकट भिंतीच्या पुढे येते.

शेवटी ड्रॉइंग. सुतार अंश वाचत बसत नाही, तो विचारतो आढं प्लेटपासून किती वर आणि वासा किती लांब. चारही बाजूंना ३० अंश धरले, तर आढं १९६४ मिमी वर, ७५० च्या वळचणीसह साधा वासा ४७९४, हिपचा वासा ६३४२ मिमी, आणि हिपचा उतार ३० नाही, २२.२ अंश. वाशांची जाडी यात धरलेली नाही. प्रत्येक पाख्याचं ड्रॉइंग त्याच पाख्याला काटकोनात बघून द्या. स्केचअपमध्ये फेसवर राइट क्लिक करून अलाइन व्ह्यू, रेव्हिटमध्ये थ्रीडी व्ह्यू त्या प्रतलाला ओरिएंट करून. कौलांची संख्याही तिथल्याच क्षेत्रफळावरून काढा. प्लॅनच्या क्षेत्रफळावरून काढलीत तर ३० अंशाला लागणाऱ्या कौलांपेक्षा साधारण १३ टक्के कमी पडतील, आणि फूटतूट वेगळी.