कोराडी वीज केंद्राचा इतिहास काय? जुने भंगार संच इतकी वर्षं का चालवले?

तारखा आधी सांगतो. 120 मेगावॉटचा पहिला संच, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, 1974 चा, 1976 पर्यंत तसे चार झाले. 1978 ला 200 चा, मग 1982 आणि 1983 ला 210 चे दोन. आता दिसतात ते 660 चे तीन संच 2015 ते 2017 मधले. नागपूरजवळचं कोराडीच का, तर जवळ कोळशाच्या खाणी आणि पेंचचं पाणी.

पण तुम्ही 'भंगार' लिहिलंत, म्हणून उत्तर देतोय. माझे बाबा तिथे सीएचपीत, म्हणजे कोळसा हाताळणी विभागात होते. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरला, म्हणजे साठवणीच्या मोठ्या टाकीला, चिकटून बसतो, खालच्या फीडरवर, कोळसा पुढे सरकवणाऱ्या पट्ट्यावर, उतरतच नाही. कोळसा दळणारी मिल उपाशी राहिली की बॉयलरमधली ज्योत डळमळते, मग महागडं तेल जाळून ती टिकवायची. जुलैतल्या एका रात्री बाबा सेकंड शिफ्ट संपूनही घरी आले नाहीत. रात्रभर पाळीपाळीने बंकरवर घण मारत होते, वरून सब्बल घालून कोळसा मोकळा करत होते. दुपारी आले तेव्हा हातातला घास ताटात पडत होता. आई रागावली. ते एवढंच म्हणाले, "संच ट्रिप नाही झाला." म्हणजे अचानक बंद पडला नाही.

पुण्याचा माझा मावसभाऊ इंजिनीअर आहे. दर दिवाळीत त्याचं तेच, ते संच म्हणजे सरकारवर ओझं. अरे, राज्यात तासन्‌तास भारनियमन होतं तेव्हा हेच संच वीज देत होते! तिशी ओलांडलेली यंत्रं चालली ती माणसांनी चालवली म्हणून. तुझ्या कागदावरच्या कार्यक्षमतेत ते घण कुठे दिसतात?

आता, विजेच्या प्रत्येक युनिटमागे जुन्या संचांना कोळसा जास्त लागायचा हे खरं. 660 चे सुपरक्रिटिकल आहेत, वाफेचा दाब जास्त, म्हणून तेवढ्याच विजेला कोळसा कमी. जुने बहुतेक बंद केले ते योग्यच केलं. राखेचंही लिहायला हवं, 2022 ला केंद्राच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटून शेतांत राख शिरली होती. आणि भांडेवाडीला शुद्ध केलेलं नागपूर शहराचं सांडपाणी आता कोराडीला जातं, ते काम मात्र चांगलं झालं.

लेख लिहीत असाल तर कंट्रोल रूमवाल्या साहेबांवर थांबू नका. कोराडीशेजारच्या महादुल्यात जा, सीएचपीतून रिटायर झालेले लोक भेटतील, त्यांना पावसाळ्याचं विचारा. मावसभावालाही हे उत्तर पाठवतोय.