सीईटीच्या (बारावीनंतरच्या राज्य प्रवेश परीक्षेच्या) बॅचला नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

नुसत्या एकूण गुणांवरून मुलाची पारख करू नका. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात गणिताच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी 2 गुण, भौतिक-रसायनला प्रत्येकी 1. त्यामुळे गणितात बरा असलेला मुलगा रसायनात मागे पडतोय, हे 200 पैकीच्या आकड्यात लपून जातं. प्रकरणवार नोंद ठेवा. चुकलेल्या प्रश्नापुढे कारण मुलाकडूनच लिहून घ्या: कळलंच नव्हतं, की आकडेमोड चुकली? निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून अंदाजाने बरोबर आलेली उत्तरंही फसवतात. त्यांवर वेगळी खूण करायला लावा. अकरावीची उजळणी अधूनमधून तपासा. आणि लागोपाठ गुण घसरले, तर पालकांना फोन लावण्याआधी मुलाशी एकट्याशी बोला. गावाहून येऊन होस्टेलवर राहणाऱ्यांना जेवण-झोपेचंही आवर्जून विचारा.