मोठ्या सरोवरासाठी कोणती बोट घ्यावी?

प्रश्न : मोठ्या सरोवरात हौशी मासेमारीसाठी समुद्री बनावटीची जुनी बोट घ्यावयाची आहे. मधोमध सुकाणू असलेली उघडी बोट घ्यावी की केबिनची?

उत्तर : आपण थंडीतही पाण्यात जाणार असाल, तर केबिनचीच बोट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उघड्या बोटीत चहूबाजूंनी फिरून गळाला लागलेला मासा खेळवता येतो, ही सोय खरी. परंतु गार पाण्याचे तुषार अंगावर घेत तासन्‌तास उभे राहणे जिवावर बेतू शकते. त्याहूनही महत्त्वाचा आहे तो बोटीच्या तळाचा आकार. सरोवरातील लाटा सहसा समुद्रापेक्षा आखूड आणि उभ्या असतात. सरासरी अवघ्या १९ मीटर खोलीच्या, उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवरात तर वारा सुटताच त्या एकामागोमाग आदळू लागतात. मागच्या टोकाशी सुमारे २० ते २४ अंशांचा उतार असलेला खोल ‘व्ही’ तळ अशा लाटा कापत जातो, मात्र थांबल्यावर तीच बोट अधिक डुलते, हेही ध्यानात असू द्यावे.

दोन मोठ्या इंजिनांवर गळ ओढत संथ जाणे कठीण असते, म्हणून छोटे जादा इंजिन बसवण्यास जागा हवी. बोट समुद्रात वापरलेली असल्यास इंजिन थंड ठेवणाऱ्या जलमार्गांतील गंज जाणकाराकडून तपासून घ्यावा. गंजरोधक म्हणून लावलेले जस्ताचे ठोकळे गोड्या पाण्यात थर चढून निष्प्रभ होतात. त्यांच्या जागी मॅग्नेशियमचे बसवावेत.